१९६७ की १९६८? पहिली जुनी मस्टँग घेणाऱ्यांसाठी

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये भारतीयांची दाट वस्ती आहे आणि त्यात मराठी घरंही पुष्कळ. त्याच गावात फोर्डचा मोटार कारखाना २००४ पर्यंत चालू होता. फोर्डच्या कागदांवर त्याचं नाव मेटाचन. पलीकडे कॅलिफोर्नियात सॅन होजे नावाने नोंदलेला कारखाना प्रत्यक्षात मिलपिटसमध्ये होता. आज त्या इमारतीत ग्रेट मॉल आहे आणि बे एरियातली आपली मंडळी तिथे खरेदीला जातात. ही दोन ठिकाणं आणि मिशिगनमधलं डिअरबॉर्न, या तीन कारखान्यांतून १९६७ आणि १९६८ च्या मस्टँग बाहेर पडल्या. अमेरिकेत स्थिरावलेला मराठी माणूस पहिली जुनी गाडी शोधायला लागला की बहुतेक वेळा या दोन सालांपाशीच येऊन थबकतो. जाहिरातीतल्या फोटोंत दोन्ही सारख्याच दिसतात, भावही जवळपास असतात. मग घ्यायची कोणती?

माझं उत्तर आधीच सांगतो: ज्या गाडीचा पत्रा शाबूत आणि ओळख खरी, ती घ्यायची, साल त्यानंतर. पण सालांमधले फरक नीट माहीत असले, तर समोरची गाडी खरी कोणती आहे, तिच्यावर कुठले भाग बाहेरून चढवले आहेत आणि विक्रेता सांगतो ते कितपत जुळतं, हे ताडता येतं. खालच्या पायऱ्या त्यासाठी आहेत. जाणकारांपैकी काही जण मस्टँगला ‘पोनी कार’ म्हणतात आणि ‘मसल कार’ हा शब्द मोठ्या इंजिनाच्या मध्यम आकाराच्या गाड्यांसाठी राखून ठेवतात. मोठ्या ३९० किंवा ४२८ घनइंची इंजिनाची मस्टँग दोन्ही व्याख्यांत बसते, तेव्हा त्या वादात वेळ घालवू नका.

पहिली पायरी: दोन्हींत सारखं काय, ते आधी समजून घ्या

१९६४ मध्ये आलेल्या पहिल्या मस्टँगमध्ये मोठं इंजिन बसायला जागाच नव्हती. १९६७ साठी फोर्डने बाहेरचा सगळा पत्रा नव्याने आखला आणि गाडी २.७ इंचांनी रुंद केली, ती मुख्यतः ३९० घनइंची व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) पुढे मावावं म्हणून. चाकांमधलं अंतर १०८ इंचच राहिलं. मागचा भाग आत दबलेला झाला, दोन्ही बाजूंना तीन-तीन सुटे दिवे आले, आणि फास्टबॅकचं छत थेट शेपटीपर्यंत उतरलं. १९६८ मध्ये हाच सांगाडा ठेवून सजावट, सुरक्षा आणि इंजिनं बदलली. १९६९ ला गाडी पुन्हा मोठी झाली, चेहरा बदलला. म्हणून ६७ आणि ६८ ही जोडी आहे: आतलं लोखंड बहुतांशी एकच, आणि बरेच भाग एकमेकींना बसतात. हीच सोय आणि हीच फसगतीची जागा.

१९६७ मध्ये ४,७२,१२१ मस्टँग बनल्या, १९६८ मध्ये ३,१७,४०४. एवढी घट कशामुळे? शेवरलेची कमॅरो, पाँटियाकची फायरबर्ड आणि फोर्डच्याच घरातली मर्क्युरी कूगर या तिघी १९६७ च्या हंगामात बाजारात आल्या होत्या. त्यात १९६७ च्या सप्टेंबरात फोर्डच्या कामगारांचा संप सुरू झाला, म्हणजे नव्या ६८ मॉडेलच्या ऐन सुरुवातीला. अमेरिकेत मोटारीचं मॉडेल वर्ष आदल्या सप्टेंबरातच उजाडतं, हेही इथे लक्षात ठेवा. ऑक्टोबर १९६७ मध्ये बनलेली गाडी १९६८ चीच.

या आकड्यांचा तुमच्यासाठी अर्थ इतकाच की दोन्हींपैकी कुठलंही साल दुर्मीळ नाही. विक्रेता नुसतं ‘रेअर’ म्हणाला तर काय दुर्मीळ आहे ते विचारा. साधं छत असलेली हार्डटॉप मुबलक मिळते. फास्टबॅक १९६७ मध्ये ७१,०४२ बनल्या, १९६८ मध्ये साधारण ४२ हजार. सिनेमांनी त्यांचं नाव इतकं मोठं केलं की आज हार्डटॉपच्या तुलनेत त्या बऱ्याच महाग पडतात. पहिली गाडी हवी असेल आणि खिसा मर्यादित असेल तर हार्डटॉपकडे कमीपणाने पाहू नका. खालचा सांगाडा, इंजिन, ब्रेक सगळं तेच आहे.

दुसरी पायरी: गाडीभोवती एक चक्कर मारून साल ओळखा

समोरून सुरुवात करा. १९६७ च्या बॉनेटच्या पुढच्या कडेवर एफ, ओ, आर, डी ही चार सुटी अक्षरं असतात. १९६८ मध्ये ती काढून टाकली. जाळीच्या मधोमध धावणारा घोडा दोन्हींत आहे, पण ६७ मध्ये त्याच्या चौकटीपासून आडव्या-उभ्या पट्ट्या जाळीभर निघतात. ६८ मध्ये त्या पट्ट्या नाहीत, त्यामुळे घोडा मोकळ्या, खोल जाळीत एकटा दिसतो. मला ६८ चा हा चेहरा अधिक स्वच्छ वाटतो, पण याबाबत मस्टँगवाल्यांचं कधीच एकमत होणार नाही.

बाजूला या. दारामागे, मागच्या चाकाच्या पुढे, ६७ वर हवा आत घेणाऱ्या झडपांसारखे दोन खोटे खोलगट भाग असतात, बहुतेक गाडीच्याच रंगाचे. ६८ वर त्या जागी एकच बारीक चकचकीत पट्टी येते. सर्वांत भरवशाची खूण मात्र मडगार्डवर आहे: ६८ च्या पुढच्या मडगार्डवर बाजूचा छोटा दिवा आणि मागच्या बाजूवर परावर्तक असतो, कारण संघीय सुरक्षा नियमांनी त्या सुमारास बाजूचे दिवे सक्तीचे केले. ६७ वर यातलं काहीच नाही.

आता आत बसा. ६७ चं स्टिअरिंग तीन काड्यांचं, ६८ चं दोन काड्यांचं आणि मधे जाड गादीचं. महागडी सजावट घेतलेल्या ६७ मध्ये डॅशबोर्डवर आणि दारांवर घासलेल्या ॲल्युमिनियमचा पत्रा असतो. ६८ मध्ये त्याच जागी लाकडाच्या रेषांची नक्कल. घासलेलं ॲल्युमिनियम हा ६७ घेण्यासाठी मला पटणारा सर्वांत मोठा भावनिक मुद्दा आहे. फोर्डने इतका देखणा डॅशबोर्ड मस्टँगला पुन्हा दिला नाही, असं मी मानतो.

या खुणा जुळत नसतील तर लगेच पळून जायचं कारण नाही. ६८ वर ६७ चं बॉनेट असू शकतं, अपघातानंतर मिळालं ते बसवलेलं. पण एका बाजूला बाजूचा दिवा आहे आणि दुसऱ्या बाजूला नाही, किंवा दिव्याची जागा पुट्टी भरून बुजवलेली दिसते, तर त्या बाजूला मोठं काम झालं आहे. कधी, कुणी, का, हे विचारायचा हक्क तुम्हाला आहे. उत्तर मोघम आलं तर पुढच्या पायऱ्या दुप्पट काळजीने तपासा.

तिसरी पायरी: नंबर वाचायला शिका

या गाड्यांचा ओळख क्रमांक अकरा अक्षर-अंकांचा असतो. समजा तो ‘८ आर ०२ जे’ असा सुरू होऊन पुढे सहा आकडे आहेत. पहिला आकडा मॉडेल वर्ष: ७ म्हणजे १९६७, ८ म्हणजे १९६८. दुसरं अक्षर कारखान्याचं: एफ डिअरबॉर्न, आर सॅन होजे, टी मेटाचन. पुढचे दोन आकडे शरीराचे: ०१ हार्डटॉप, ०२ फास्टबॅक, ०३ उघड्या छताची कन्व्हर्टिबल. मग इंजिनाचं एक अक्षर, आणि शेवटी १००००१ पासून चढत जाणारा अनुक्रम. एडिसनमध्ये राहून टी अक्षराची गाडी घ्यायची हौस असेल तर ती इथेच पाहायची.

क्रमांक कुठे शोधायचा यात दोन सालांत फरक आहे. ६८ वर तो डॅशबोर्डवर उजव्या बाजूला, बाहेरून काचेतून दिसेल अशा पट्टीवर असतो. ६७ वर अशी पट्टी नाही. दोन्हींवर ड्रायव्हरच्या दारावर रिव्हेटने ठोकलेली धातूची पाटी असते, आणि तिच्यावर क्रमांकाशिवाय शरीराचा कोड, रंग, आतली सजावट, बनल्याची तारीख, गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलचं गुणोत्तर लिहिलेलं असतं. पण अशा पाट्या नव्या बनवून मिळतात, आणि दार तर दुसऱ्या गाडीचंही लावता येतं. खरा क्रमांक आतल्या पत्र्यावर ठोकलेला असतो: बॉनेट उघडा, ड्रायव्हरकडच्या मडगार्डच्या आतल्या कडेला एक खाच दिसेल, तिच्याखाली टॉर्च मारा. तो क्रमांक, दारावरची पाटी आणि मालकी हक्काचा कागद (इथे सगळे त्याला टायटल म्हणतात) या तिन्ही ठिकाणी एकच क्रमांक हवा. ठोकलेल्या अंकांभोवती नवं वेल्डिंग किंवा घासल्याच्या खुणा दिसल्या तर सौदा तिथेच थांबवा. १९६७ च्या फास्टबॅकचा पूर्ण सांगाडा आजही नवा बनवून विकला जातो, त्यामुळे क्रमांकाचा तुकडा कापून दुसरीकडे जोडणं हा केवळ कल्पनेतला धोका नाही. अशी गाडी घेतली तर पुढे ती विकायला तुम्हालाही जमणार नाही.

इंजिनाची अक्षरं पाठ केलेली बरी. ६७ मध्ये टी म्हणजे २०० घनइंची सहा सिलिंडर, सी म्हणजे २८९ चं दोन नळ्यांच्या कार्बोरेटरचं व्ही-८, ए म्हणजे चार नळ्यांचं २८९, के म्हणजे २७१ अश्वशक्तीचं खास २८९, आणि एस म्हणजे ३९०. ६८ मध्ये टी, सी, एस तेच. जे म्हणजे चार नळ्यांचं ३०२, एक्स म्हणजे दोन नळ्यांचं ३९०, आणि आर म्हणजे ४२८ कोब्रा जेट. डब्ल्यू म्हणजे ४२७ हे ६८ च्या माहितीपत्रकात छापलं होतं, पण कारखान्यातून तसं इंजिन घेऊन निघालेली मस्टँग अजून कुणी सिद्ध करून दाखवलेली नाही. कुणी विकायला आणली तर तुमच्यासाठी ती नव्हे.

सहा सिलिंडरच्या गाडीत पुढे व्ही-८ टाकून विकणं हा फार जुना प्रकार. क्रमांकात टी असेल आणि बॉनेटखाली आठ सिलिंडर असतील तर झालं तेच. अशा गाडीच्या चाकांचे बोल्ट मोजा: मूळ सहा सिलिंडरवाल्या मस्टँगची चाकं चार बोल्टांची, व्ही-८ ची पाच बोल्टांची. बदल नीट केलेला असेल तर गाडी चालवायला चांगली असू शकते, मात्र ॲक्सल, ब्रेक आणि स्टिअरिंगही व्ही-८ चं आहे का ते पाहा, आणि भाव सहा सिलिंडरच्याच हिशोबाने द्या.

चौथी पायरी: मार्टी रिपोर्ट मागवा

ॲरिझोनातल्या केव्हिन मार्टी यांच्याकडे फोर्डच्या उत्पादन नोंदींचा परवाना आहे आणि त्या नोंदी १९६७ मॉडेलपासून सुरू होतात. म्हणजे ६५-६६ ची मस्टँग घेणाऱ्याला न मिळणारी सोय तुम्हाला या दोन्ही सालांत आहे. क्रमांक दिला की ती गाडी कोणत्या रंगात, कोणत्या इंजिन-गिअरबॉक्ससह, कोणत्या जादा सामानासह बनली हे कागदावर येतं.

हा कागद जीटीसाठी तर अटळ आहे. जीटी हा सामानाचा गट होता: पुढे धुक्याचे दिवे, दुहेरी सायलेन्सर, कडक सस्पेन्शन. पण ओळख क्रमांकात किंवा दारावरच्या पाटीवर जीटी असल्याची कुठलीच नोंद नसते. बिल्ले आणि पट्टे कुणीही चिकटवू शकतो. ६७ च्या ऑटोमॅटिक जीटीवर ‘जीटीए’ असा बिल्ला यायचा, तो त्या एकाच सालापुरता. ६८ वर जीटीए दिसला तर प्रश्न विचारा. ६८ ला सी आकाराचा बाजूचा पट्टा मिळाला. सॅन होजेत बनलेली कॅलिफोर्निया स्पेशलही ६८ चीच, तिचंही खरेखोटे या कागदावरूनच करावं. विक्रेता जीटीचा भाव मागतोय आणि रिपोर्ट दाखवत नाही, तर तुम्ही स्वतः मागवा. गाडीच्या किमतीपुढे त्याचा खर्च काहीच नाही.

‘मॅचिंग नंबर्स’ हा शब्द जाहिरातीत वाचाल तेव्हा साल आठवा. इंजिनाच्या ब्लॉकवर गाडीचा क्रमांक उमटवायची सर्वसाधारण पद्धत फोर्डने १९६८ च्या सुमारास सुरू केली. ६७ मध्ये तो के-कोडच्या खास इंजिनावर मिळतो, साध्यावर नाही. त्यामुळे साध्या २८९ च्या ६७ ला कुणी ‘मॅचिंग’ म्हणत असेल तर ते कशावरून, हे विचारा. तिथे फार तर ओतकामाच्या तारखा जुळवता येतात: ‘७ सी १५’ म्हणजे १९६७, मार्च, १५ तारीख. ती तारीख गाडी बनायच्या थोडी आधीची हवी. नंतरची असेल तर ब्लॉक बदललेला आहे.

पाचवी पायरी: गंज

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. इंजिन उतरवून दुरुस्त करता येतं, गिअरबॉक्स बदलता येतो. या गाडीला वेगळा चॅसिस नाही. सगळा पत्राच सांगाडा आहे, आणि तो गंजला की गाडी आतून खचते. न्यू जर्सी, मिशिगन, ओहायो इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात. ॲरिझोना, नेवाडा, कॅलिफोर्नियाच्या कोरड्या भागातली गाडी प्रवासखर्च धरूनही पुष्कळदा स्वस्त पडते.

पहिली जागा काउल, म्हणजे समोरच्या काचेखालची हवेची पेटी. पाऊस आणि पानं जाळीतून या बंद पेटीत पडतात, पाणी बाजूंनी निघून जायला हवं. पानांचा चिखल साचला की पत्रा आतून कुजतो आणि पाणी पुढच्या जमिनीवर येतं. गाडी पाहायला जाताना बरोबर एक माणूस न्या. मालकाची परवानगी घ्या, एकाने काचेखालच्या जाळीत हळूहळू तांब्याभर पाणी ओतावं, दुसऱ्याने डॅशबोर्डखाली डोकं घालून टॉर्चने पाहावं. थेंब दिसला तर काउल गेलं. ते दुरुस्त करायला समोरची काच आणि मडगार्ड काढून ठिकठिकाणचे वेल्ड फोडावे लागतात. भाग महाग नाही, मजुरी आहे. पाणी ओतू न देणाऱ्या मालकाचा हेतू वाईट असेलच असं नाही, पण मग भाव काउल गेलं आहे असं धरूनच ठरवा.

दुसरी जागा बॅटरीखालची, बॉनेटखाली उजवीकडे पुढे. वर्षानुवर्षं सांडलेलं ॲसिड आधी ट्रे, मग एप्रन (मडगार्डच्या आतला पत्रा), मग खालची चौकोनी दांडी खातं. ट्रे नवा आणि खाली काळा रंग ताजा असेल तर हात घालून चाचपा.

मग डिकी. मस्टँगमध्ये पेट्रोलच्या टाकीचा वरचा भाग हाच डिकीचा तळ असतो. चटई उचला, टाकीभोवतीची कड आणि मागच्या चाकांमागचे खोल कोपरे पाहा. मागच्या दिव्यांच्या पट्टीखालीही. विनाइलचं छत असेल तर काचांच्या कडेला बोटाने दाबून बघा; खाली फुगवटे असले तर ओलावा अडकून पत्रा गेलेला आहे.

चुंबक बरोबर न्या, मऊ कापडात गुंडाळून. दाराच्या खालच्या कडा, मागच्या चाकांभोवतीचा भाग, मडगार्डचा खालचा मागचा कोपरा इथे तो धरतो का पाहा. धरला नाही तर तिथे पत्र्याऐवजी जाड पुट्टी आहे. रंग चकचकीत आणि खाली पुट्टी, अशा गाड्या या बाजारात भरपूर आहेत आणि फोटोंत त्याच सर्वांत सुंदर दिसतात.

पुढे इंजिनाच्या दोन्ही बाजूंचे उंच खांब, ज्यांना शॉक टॉवर म्हणतात, त्यांच्यावर स्प्रिंगचा सगळा भार येतो. वरच्या टोकाशी आणि सस्पेन्शनच्या हाताच्या (कंट्रोल आर्म) बोल्टांभोवती भेगा शोधा. ३९० च्या गाडीत हे जास्त, कारण नाकावर वजन जास्त. कन्व्हर्टिबल असेल तर गाडी जॅकवर एका बाजूने उचला आणि दार उघड-बंद करा. फट बदलत असेल, दार घासत असेल, तर खालची मजबुती संपली आहे. गंजकी कन्व्हर्टिबल पहिली गाडी म्हणून कुणीच घेऊ नये असं मला ठामपणे वाटतं.

सहावी पायरी: इंजिन निवडताना

त्या काळातले अश्वशक्तीचे आकडे मोकळ्या इंजिनाचे आहेत, पंखा, सायलेन्सर वगैरे न जोडता मोजलेले. १९७२ च्या सुमारास मोजायची पद्धत बदलली. म्हणून ६७ च्या ३९० चे ३२० किंवा ६८ च्या ३९० चे ३२५ हे आजच्या गाडीच्या आकड्याशेजारी ठेवू नका. ६८ च्या कोब्रा जेटला तर फोर्डने फक्त ३३५ सांगितले, आणि प्रत्यक्ष ताकद त्याहून कितीतरी जास्त होती. ऱ्होड आयलंडमधले विक्रेते बॉब टॅस्का यांच्या आग्रहातून ते इंजिन आलं, १९६८ च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातल्या पोमोनाची ड्रॅग शर्यत त्याने गाजवली आणि एप्रिलपासून दुकानात मिळू लागलं. ही गाडी संग्राहकांची. नवख्याने पाहून आनंद घ्यावा.

पहिल्या गाडीला माझ्या मते २८९ किंवा ३०२. दोन्हींची मुळं एकच: सिलिंडरचा व्यास ४ इंच तोच, ३०२ मध्ये पिस्टनची धाव २.८७ ऐवजी ३ इंच. ६७ चं दोन नळ्यांचं २८९ म्हणजे २०० अश्वशक्ती, ६८ मध्ये तेच १९५. ६८ चं चार नळ्यांचं ३०२ म्हणजे २३०. सुटे भाग कुठेही मिळतात, मेकॅनिकला नवल वाटत नाही, आणि नाक हलकं असल्यामुळे गाडी वळणावर ऐकते. ३९० चा आवाज आणि खेच वेगळीच, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण त्याचे स्पार्क प्लग बदलायला टॉवरच्या फटीतून हात घालावा लागतो, आणि पॉवर स्टिअरिंग नसलेली ३९० पार्किंगमध्ये वळवणं म्हणजे व्यायाम आहे.

६८ पासून देशभर धुराचे नियम लागू झाले, त्यामुळे काही ६८ वर हवेचा पंप दिसेल. पुष्कळांनी तो काढून टाकला आहे. कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग तपासणी माफ आहे, तेव्हा ही अडचण तुम्हाला नाही. गाडी अगदी मूळ स्थितीत हवी असेल तर मात्र पंप आहे का, जपून ठेवला आहे का, ते विचारा.

सातवी पायरी: ब्रेक आणि पट्टे

इथे ६८ सरळ पुढे आहे. दोन्ही सालांत चारही चाकांना ड्रम ब्रेक हेच मूळ सामान होतं, आणि ब्रेकच्या तेलाचे दोन वेगळे मार्ग ६७ पासूनच आहेत. पण पैसे भरून घेतलेले पुढचे डिस्क ब्रेक ६७ मध्ये चार पिस्टनचे, जुन्या धाटणीचे. ६८ मध्ये एका पिस्टनचा, सरकता कॅलिपर आला. तो दुरुस्तीला सोपा. ड्रमवाली गाडी मिळाली तरी घाबरू नका, डिस्क बसवायचे संच तयार मिळतात. फक्त आजच्या गाडीच्या सवयीने पुढच्या गाडीच्या मागे चिकटू नका. ड्रम गरम झाले की ब्रेक लांबतो.

६७ मध्ये मूळ सामानात फक्त कमरेचे पट्टे. १ जानेवारी १९६८ नंतर बनलेल्या बंद छताच्या गाड्यांत पुढच्या दोन जागांना खांद्याचा पट्टाही आहे, जरी तो वेगळा अडकवावा लागतो. घरातल्या माणसांना बसवून नेणार असाल तर या गोष्टीला वजन द्या. ६७ घेतलीत तर तीन टोकांचा पट्टा बसवून घ्या, आणि कमरेच्या पट्ट्यावर लहान मुलांना पुढे बसवू नका.

आठवी पायरी: चालवून पाहा

इंजिन थंड असताना पोहोचा, आणि विक्रेत्याला आधी सांगा की सुरू करून ठेवू नका. बॉनेटला हात लावून खात्री करा. थंड इंजिन सुरू होताना निळा धूर आला तर व्हॉल्व्हचे सील गेले असतील, ते मोठं काम नाही. चालताना सतत निळा धूर म्हणजे पिस्टनच्या रिंग, ते मोठं. रहदारीत किमान वीस मिनिटं चालवा आणि तापमानाचा काटा बघत राहा. ऑटोमॅटिकमध्ये रिव्हर्स टाकल्यावर किती वेळाने धक्का येतो ते पाहा. स्टिअरिंगमध्ये थोडी ढील या गाड्यांत असतेच, पण सरळ रस्त्यावर सतत सावरावं लागत असेल तर सांधे झिजले आहेत. मोकळ्या जागी एकदा जोरात ब्रेक दाबा. गाडी एका बाजूला ओढली जाऊ नये.

आता दोन्हींपैकी निवड. पत्रा आणि कागद सारखेच चांगले असतील, तर नवख्याला मी ६८ ची हार्डटॉप सुचवेन: २८९ किंवा ३०२, ऑटोमॅटिक, पुढे डिस्क. ब्रेक चांगले, पट्टे चांगले, क्रमांक काचेतूनच दिसतो, आणि ब्लॉकवरच्या नोंदीने इंजिनाची खातरजमा होऊ शकते. ६७ तिने घ्यावी किंवा त्याने घ्यावी, ज्याला बाजूच्या त्या दोन झडपा, बॉनेटवरची अक्षरं आणि ॲल्युमिनियमचा डॅशबोर्ड यांनी आधीच जिंकलं आहे. गाडी रोज गॅरेजमध्ये पाहायची असते, त्यामुळे हे कारणही पुरेसं आहे. ६७ चा पत्रा थोडाही अधिक चांगला असेल तर ६८ चा हट्ट सोडा.

नववी पायरी: कागद आणि विमा

टायटलवरचा क्रमांक आणि पत्र्यावरचा क्रमांक अक्षर-अक्षर ताडा, विक्रेत्याचं नाव त्याच टायटलवर आहे ना ते बघा. न्यू जर्सीत २५ वर्षांपुढच्या गाडीला ऐतिहासिक नंबरप्लेट मिळते, पण रोजच्या वापराला ती चालत नाही. विमा नेहमीचा घेऊ नका. जुन्या गाड्यांचा विमा करणाऱ्या कंपन्या ‘ठरलेल्या किमतीचा’ विमा देतात, म्हणजे गाडी गेली तर आधी ठरलेली रक्कम मिळते, घसारा कापला जात नाही.

पुढेमागे गाडी पुण्याला किंवा नाशिकला न्यायचं मनात असेल तर एक गोष्ट आत्ताच ध्यानात ठेवा. भारताच्या २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांवरची दुचाकी-चारचाकी ‘व्हीए’ अक्षरांच्या वेगळ्या मालिकेत नोंदवता येते, मात्र तिच्या सांगाड्यात किंवा इंजिनात मोठा फेरबदल झालेला नसावा. आधुनिक इंजिन टाकलेली मस्टँग तिथे बसणार नाही. आयातीचे नियम हा स्वतंत्र विषय आहे. ते नीट तपासल्याशिवाय जहाजाचं भाडं भरू नका.

दहावी पायरी: घरी आल्यावर आधी काय करायचं

रंग आणि क्रोम थांबू शकतात. टायरच्या बाजूवर डीओटीपुढचे शेवटचे चार आकडे वाचा, त्यात आठवडा आणि साल असतं. नक्षी कितीही खोल असली तरी दहा वर्षांवरचे टायर काढा. मग ब्रेकच्या रबरी नळ्या, तिन्ही, आणि ब्रेकचं तेल. त्यानंतर टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतची प्रत्येक रबरी नळी: हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं आणि जुनं रबर त्याने मऊ पडून गळतं, तेही तापलेल्या इंजिनाशेजारी. डॅशबोर्डखालच्या वायरींना जागोजागी चिकटपट्टी गुंडाळलेली दिसली तर बॅटरीला हाताने तोडता येणारा खटका लावा आणि गाडी उभी करताना तो बंद करा. आग विझवायचा छोटा सिलिंडर ड्रायव्हरच्या हाताशी, पट्टा बांधलेला असतानाही पोहोचता येईल असा बसवा.